आरशात दिसेपर्यंत

मी कॉफीचे दोन पेले घेऊन बाहेर आले तेव्हा आमचं घर निघून गेलं होतं. चार नंबरच्या पंपापाशी ते उभं होतं, चौतीस फूट लांब, पांढरं, कडेने तपकिरी पट्टा, मागे दोन सायकली बांधलेल्या. आता तिथे तेलाचे डाग पडलेलं सिमेंट होतं आणि त्यावर जानेवारीचं ऊन. आधी मला वाटलं, आर्विडने हवा भरायला गाडी बाजूला घेतली असेल. मी इमारतीला वळसा घातला. मागे एक गंजकं पिंप होतं, एक कुत्रं होतं, आणि त्यापलीकडे थेट डोंगरांपर्यंत ॲरिझोनाचं वाळवंट. परत पुढे आले. पायात घरातल्या सपाता होत्या, त्या खडीवर घसरत होत्या. महामार्गावर पश्चिमेकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते, आणि आमची घरगाडी त्यांत कुठेच नव्हती. पेल्यांचा चटका बोटांना बसायला लागला. एक पेला दुधाचा, माझा. एक काळ्या कॉफीचा, त्याचा. मी त्याचा आधी प्यायले. मला काळी कॉफी आवडत नाही, पण प्यायले.

पंपावर असं होतं, नाही असं नाही. दर हिवाळ्यात आमच्यासारखे हजारो म्हातारे उत्तरेचा बर्फ सोडून चाकांवरचं घर घेऊन खाली वाळवंटात येतात, आणि दर हिवाळ्यात कोणीतरी एक नवरा बायकोला पंपावर सोडून जातो. बायको मागच्या पलंगावर झोपली आहे असं त्याला वाटत असतं, आणि ती असते संडासात, नाहीतर चिप्सच्या फळीसमोर. मग तो किस्सा सगळ्या मुक्कामांवर फिरतो, दरवेळी नवरा दहा-दहा मैल पुढे गेलेला सांगतात, आणि शेवटी तो अलास्कापर्यंत पोचतो. मीही हसले आहे त्या किश्श्यांना. पण मी झोपायला गेले नव्हते. मी त्याच्या खिडकीशी उभी राहून म्हटलं होतं, “कॉफी आणते. तुझी काळीच ना?” आणि त्याने माझ्याकडे बघून म्हटलं होतं, “गेली पन्नास वर्षं काळीच आहे, म्हातारे.”

गल्ल्यावर माझ्याहून थोडी लहान बाई होती, छातीवरच्या पट्टीवर रोसाल्बा असं नाव. ती काचेतून मला बघत होती. मी आत गेले तशी तिने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. “कोणी विसरलं का हो तुम्हाला?” ती म्हणाली. “नाही,” मी म्हटलं, “मीच उतरले.” हे मी का म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही. तिने फोन पुढे केला. “करा की कोणाला तरी. माझ्या मावशीला असंच विसरले होते, लग्नाच्या वऱ्हाडात. नवरीच होती ती.” माझा स्वतःचा फोन गाडीत, चुलीशेजारी चार्जिंगला लावलेला. आर्विडचा नंबर मला पाठ नाही. डेलबर्ट आणि मॅक्सीनचा नाही. ते दोघं, आमचे दर हिवाळ्याचे शेजारी, आमच्या पुढे अर्ध्या तासावर त्यांच्या गाडीत होते. आताशा कोणाला कोणाचा नंबर पाठ असतो? मला एकच नंबर येतो, आमच्या लेकीचा, जेनेलचा, कारण ती कॉलेजात होती तेव्हापासून तिने तो बदललेला नाही. मी फोन हातात घेतला, दोन आकडे दाबले, आणि परत ठेवून दिला. रोसाल्बा म्हणाली, “लागत नाही?” मी म्हटलं, “लावायचा नाही.”

कारण जेनेलला एवढंच हवं होतं. सप्टेंबरात उत्तरेला, आमच्या डुलूथ शहरात, आर्विड औषधं आणायला म्हणून गेला आणि दुपारी सापडला तो जुन्या बसडेपोच्या फाटकाशी, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेला. तिथे आता फ्रिजचं गोदाम आहे. त्यानंतर जेनेल मिनियापोलिसहून आली, आमच्या दोन खोल्यांच्या जागेत टेबलाशी बसली आणि मला हळू आवाजात म्हणाली, “आई, एकदा. अजून फक्त एकदा असं काही झालं, की मी येऊन गाडीची किल्ली घेणार. मग वाद नाही.” मी वाद घातला नाही. ती वाईट मुलगी नाही. ती आठवड्याला दोन फोन करते, थंडीची चौकशी करते, आणि तिच्या मनात आमच्यासाठी तळमजल्यावरची एक जागा पक्की झालेली आहे, जिथे न्हाणीघरात धरायला दांडे आहेत आणि खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. ती जागा मी पाहून आले. सहा महिने बर्फ, आणि सहा महिने ती खिडकी. एका बाईने मला तिथे विचारलं, तुम्ही पत्ते खेळता का. खेळते, मी म्हटलं, पण पैज लावून.

स्टुलावर बसून मी महामार्गाकडे बघत राहिले. आर्विडने एकतीस वर्षं डुलूथमध्ये शहरबस चालवली. ते शहर तळ्याकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर आहे, आणि हिवाळ्यात प्रत्येक रस्ता म्हणजे बर्फाची घसरगुंडी. या एकतीस वर्षांत त्याने कोणाला स्टॉपवर टाकलं नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही, प्रवासी म्हणून सांगते. अडुसष्टच्या फेब्रुवारीत मी एका दंतवैद्याकडे नावं लिहून घ्यायच्या कामावर होते, आणि रोज साडेसातच्या बसला धावत जायचे. त्या दिवशी बस निघाली होती. मी पळाले, पडले, टोपी एकीकडे गेली, गुडघा फुटला, आणि वर बघते तर बस चढावर थांबलेली. चढावर थांबायचं नसतं, पुन्हा सुटताना चाकं सरकतात. आतले लोक वैतागले होते. एक जाडा माणूस म्हणाला, “अरे, किती वेळ थांबणार?” आणि तो नवा ड्रायव्हर, लाल कानांचा, मागे वळूनही न बघता म्हणाला, “एक प्रवासी यायचाय.” मी चढले, पैसे टाकले. तो म्हणाला, “आरशात दिसलीस पडताना.” एवढंच. मग रोज मी मुद्दाम दोन मिनिटं उशिरा निघायला लागले, आणि रोज बस थांबायला लागली. जूनमध्ये लग्न झालं. माझी आई म्हणाली, बसवाला आहे, निदान घरी वेळेवर येईल.

म्हणून मी रोसाल्बाच्या स्टुलावर बसले होते ती घाबरून नाही. मला राग आला होता, आणि तो राग आर्विडवर नव्हता. राग कोणावर आहे हे नीट कळत नव्हतं, म्हणून तो सगळीकडे पसरत होता, ट्रकांवर, चिप्सच्या पाकिटांवर, भिंतीवरच्या ट्यूबलाइटवर. काल दुपारी आम्ही चौघं खडकांवरची जुनी चित्रं बघायला गेलो होतो. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी काळ्या दगडावर टोचून टोचून काढलेले सरडे, माणसं, आणि गोल गोल फिरत जाणारी रेघ. डेलबर्ट दर चित्रासमोर मॅक्सीनला उभी करून फोटो काढत होता, दुखऱ्या कमरेमुळे घेतलेली तिची काठी दिसणार नाही अशा बेताने. आर्विड त्या गोल रेघेसमोर खूप वेळ उभा राहिला. हवेत बोट फिरवत म्हणाला, “व्हर्ना, ही आत जाते की बाहेर येते?” मी म्हटलं, “दोन्ही.” तो हसला. त्याला ते उत्तर आवडलं. ज्या माणसाला असला प्रश्न पडतो त्याला गाड्या लावायची जागा दिसणाऱ्या खिडकीशी बसवायचं?

एक तास दहा मिनिटांनी घर परत आलं. उलट्या दिशेने येऊन, पुलाखालून वळून, हळूहळू, इंडिकेटर लावून. दार उघडलं. आर्विड पायरीवर उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. “मी तुझ्याशी बोलत होतो,” तो म्हणाला. “अख्खा वेळ. डेपोतल्या वेन्डेलची आणि त्याच्या बोकडाची गोष्ट सांगत होतो. तू हसली नाहीस. मला वाटलं, रुसलीस.” मग म्हणाला, “तू त्या गोष्टीला नेहमी हसतेस.” रोसाल्बा काचेमागून बघत होती. मी तिला हात केला आणि आत चढले. त्याने किल्ली माझ्यापुढे धरली. ती मी तेव्हाच घ्यायला हवी होती. घेतली नाही. “चालव,” मी म्हटलं, कारण किल्ली घेतली असती तर त्याला अर्थ आला असता, आणि मला अजून अर्थ नको होता. पुढचे पंच्याहत्तर मैल मी त्याच्या हातांकडे बघत बसले. हात ठीक होते. एकतीस वर्षांचे हात. पण मी पूर्ण रस्ता उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते, आणि उतरले तेव्हा माझी पिंढरी दगड झाली होती.

क्वार्ट्झसाइट गावाबाहेर, कोरड्या ओढ्याच्या काठी, आमचा एकोणीस वर्षांचा मुक्काम आहे. तिथे एक पालोवेर्दे आहे, हिरव्या सालीचं झाड. त्याला किल्ल्या टांगलेल्या आहेत, बारा. आमच्यातल्या कोणी प्रवास थांबवला की शेवटच्या मुक्कामात सगळ्यांना जेवायला घालतं आणि आपल्या गाडीची जास्तीची किल्ली तारेने त्या फांदीला बांधतं. वारा आला की त्या वाजतात. पहिली किल्ली बांधली तेव्हा आम्ही खूप टाळ्या वाजवल्या होत्या. येत्या शनिवारी डेलबर्ट आणि मॅक्सीन आपली बांधणार होते. नेब्रास्काची मक्याची शेती मुलाकडे गेली, आता मॅक्सीनची कंबर गेली.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. चार वाजता सगळे आपापली खुर्ची घेऊन येतात आणि गोल बसतात. स्वतःची खुर्ची, स्वतःचा पेला, आणि पुढ्यात कोणीतरी केलेलं काहीतरी खायला. मी वेलदोड्याचा पाव केला होता, फिनलंडहून आलेल्या आर्विडच्या आजीच्या कृतीने. त्याने गाडी ओढ्याच्या तोंडाशी वेडीवाकडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. “जागेवर नंतर लावू,” तो म्हणाला. असं तो कधी म्हणत नाही. आम्ही खुर्च्या घेऊन गेलो, आणि बसण्याआधीच डेलबर्टने पेला वर केला. “या, या. काय रे ड्रायव्हर, आज सगळं सामान मोजून आणलंस ना? एखादी बायकोबियको राहिली नाही ना मागे?” सगळे हसले. पाव पुढे गेला. त्यांना कळलं होतं, कारण आर्विडने वाटेत डेलबर्टला फोन करून विचारलं होतं, व्हर्ना तुमच्या गाडीत आहे का.

“माझीच चूक,” मी म्हटलं. “झोपते म्हणाले आणि गुपचूप उतरले. त्याला काय स्वप्न पडणार?” लोकांना ते पटलं. कोणीतरी अलास्काचा किस्सा काढला. मॅक्सीन मात्र हसली नाही. ती माझ्याशेजारी सरकली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात ऊबदार होता, आणि त्या ऊबेनेच मला कळलं की तिने काहीतरी केलं आहे. “रागावू नकोस,” ती म्हणाली. “मी जेनेलला फोन केला. तू कुठे आहेस ते कोणालाच माहीत नव्हतं गं, मी घाबरले. ती शनिवारी विमानाने येतेय. गाडी तीच घरी नेणार.” मग आणखी हळू, “आम्ही शनिवारी बांधतोच आहोत. तुम्हीही बांधा ना आमच्याबरोबर. चौघांनी मिळून. एकटीने बांधायला मला कसंसंच होतंय.” मी तिच्याकडे बघितलं. एकोणीस हिवाळे आम्ही शेजारी राहिलो. माझ्या गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर तिने दोन आठवडे माझे केस विंचरले आहेत. ती खरं बोलत होती, आणि ते सगळं खरं मला नको होतं. “मॅक्सीन,” मी म्हटलं, “तुझी कंबर गेली म्हणून मी का लंगडू?” हे वाईट बोलले. तिने हात काढून घेतला.

तेवढ्यात आर्विड बोलला. तो गोलात कधी बोलत नाही, ऐकतो. “ती झोपायला गेली नव्हती,” तो म्हणाला. “माझ्या खिडकीशी आली होती. कॉफी काळीच ना, म्हणाली. मी हो म्हटलं. मग विसरलो.” त्याने हे कसं सांगितलं, तर बसमध्ये पुढचा स्टॉप सांगावा तसं. “ती खोटं बोलतेय, कारण जेनेल किल्ली घेईल. घेऊ दे. आज मी मागे बघितलंच नाही. निघण्याआधी आरशात बघितलं नाही. असल्या माणसाने चालवू नये.” आणि खिशातून किल्ली काढून त्याने पावाच्या थाळीत ठेवली, चुऱ्यात. डेलबर्ट पेल्यात बघत बसला. झाडावरच्या किल्ल्या वाजत होत्या, किंवा मला वाटलं. मला आठवतं, त्या क्षणी मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि इतका संताप आला की दोन्ही एकाच ठिकाणी, बरगड्यांखाली, आदळले.

मी किल्ली उचलली, रुमालाने चुरा पुसला. “बरोबर आहे,” मी म्हटलं. “तू नाही चालवायची. मी चालवीन.”

डेलबर्टला हसू आवरलं नाही. “व्हर्ना, अगं, सरळ रस्त्यावर कोणीही चालवेल. मागे कोण घेणार? एकदा तरी मागे घेतली आहेस का तू?”

“नाही,” मी म्हटलं. “पण एकोणीस वर्षं मागे उभी कोण होती?”

हे खरं होतं. नवरे स्टिअरिंगशी बसतात आणि बायका मागे उभ्या राहून हातांनी वाट दाखवतात. पहिल्याच हिवाळ्यात इथल्या एका म्हातारीने आम्हाला शिकवलं होतं. ओरडायचं नाही, जी जोडपी ओरडतात त्यांचा तमाशा बघायला लोक खुर्च्या आणतात. दोन्ही तळवे स्वतःकडे, म्हणजे ये. एक हात बाजूला, म्हणजे शेपूट तिकडे. मनगटं एकमेकांवर, म्हणजे थांब. आणि एक नियम सगळ्यांच्या वर: दाखवणारा आरशातून दिसेनासा झाला, की गाडी जागच्या जागी थांबवायची. त्याला शोधत पुढे-मागे करायचं नाही. तो दिसेपर्यंत थांबायचं. आर्विड तेव्हा म्हणाला होता, हे मला कोणी शिकवायला नको.

माझा फोन वाजला. जेनेल. मी गोलातच उचलला. ती खूप बोलली, रडलीही थोडी, आणि मी सगळं ऐकून घेतलं, कारण तिची भीती खोटी नव्हती. “ये शनिवारी,” मी म्हटलं. “मॅक्सीन जेवण घालणार आहे. दोन दिवस राहा. माझ्या शेजारी बसून युमा शहरापर्यंत चल, मी कशी चालवते ते बघ. पण परतीचं तिकीट एकटीचंच काढ.” ती म्हणाली, “आई, तू एकाहत्तर वर्षांची आहेस.” मी म्हटलं, “मग आता नाही तर केव्हा शिकू?” आणि फोन ठेवला.

मी चढले. त्याची सीट पुढे ओढावी लागली, चांगली वीतभर. सीटला त्याच्या अंगाचा खळगा होता. इंजिन सुरू केलं तेव्हा सगळं घर थरथरलं, कपाटातल्या बशा, काट्याचमच्यांचा खण, त्याची औषधं. वायोमिंगमध्ये तो तापाने पडला होता तेव्हा मी दोनशे मैल चालवली होती, पण तिथे समोर नुसतं आकाश होतं. इथे मागे दोन झुडपं, एक खडक, आणि त्यांच्यामध्ये आमची एकोणीस वर्षांची जागा. मी दोन्ही आरसे माझ्या उंचीला आणले. डाव्या आरशात लोक खुर्च्या वळवून बसत होते, आमच्याकडे तोंड करून. मॅक्सीनसुद्धा. बसा, मी मनात म्हटलं, बघा.

आर्विड चालत मागे गेला. त्याची टोपी, त्याचं निळं जाकीट आरशात लहान लहान होत गेलं आणि थांबलं. तो वळला. क्षणभर त्याचे हात नुसते लोंबत होते. मग त्याने हात वर केले. तळवे स्वतःकडे. ये. तेच माझे हातवारे, एकोणीस वर्षं त्याने ते आरशातून बघितले होते, माझ्यासारखी मान वाकडी करूनच तो ते करत होता. मी ब्रेक सोडला. उजवा हात बाजूला. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, चुकलं, त्याने मनगटं एकमेकांवर ठेवली. मी थांबले. पुन्हा. शेपूट वळायला लागली. अर्धी गाडी आत गेली. कोणीतरी शीळ घातली. आणि मग तो दिसेना.

डाव्या आरशात नाही. उजव्यात नाही. झुडूप, वाळू, खडकाचा कोपरा. मी ब्रेक दाबला. दुपारच्या सिमेंटसारखाच रिकामा तुकडा त्या काचेत होता. डेलबर्ट उठला, आरशात मध्यभागी येऊन उभा राहिला आणि हात हलवायला लागला, “ये, ये, मोप जागा आहे, मी बघतोय ना.” चांगला माणूस. त्याला मागे घेता येतं, माझ्याहून शंभर पटीने. मी हलले नाही. तो पुन्हा म्हणाला. मी काच खाली केली आणि म्हटलं, “तू बाजूला हो, डेलबर्ट. माझ्या आरशात तू नाहीस.” तो हात खाली सोडून बाजूला झाला. ऊन डोंगरांवर तिरपं पडलं होतं. आर्विड कुठे गेला असेल? चाकामागे लावायला दगड शोधत असेल, ते तो कधी विसरत नाही. झाडाशी जाऊन किल्ल्या बघत असेल. किंवा नुसताच उभा असेल, आपण इथे कशाला आलो होतो ते आठवत. काहीही असेल. उतरून बघायचा मोह झाला. पण नियम तसा नाही. नियम असा आहे की मी इथेच असायचं, म्हणजे तो परत आला तर गाडी जिथे होती तिथेच त्याला सापडेल. आज दुपारी तो परत आला होता. अजून किती वेळा येईल, मला माहीत नाही. मोजायचं नाही असं मी ठरवलं, तिथेच, ब्रेकवर पाय ठेवून.

मॅक्सीन काठी टेकत खिडकीखाली आली. तिचे डोळे लाल होते. “व्हर्ना,” ती म्हणाली, “अगं, किती वेळ थांबणार?”

“एक प्रवासी यायचाय,” मी म्हटलं, आणि इंजिन चालूच ठेवलं.